सालीखालची वाट : मार्चेल्लो मालपिघी

शेततळ्याच्या भरावावर, विहिरीच्या काठी किंवा परसातल्या हौदाजवळ लावलेले झाड कधी कधी एका रात्रीत सोलले जाते. सकाळी पाहावे तर जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाभोवती पांढरे कडे उमटलेले असते. खाली सालीचे तुकडे आणि लाकडावर दातांच्या जोडखुणा दिसतात. जवळ एखादा काळा-पांढरा काटा पडलेला असला, तर रात्री कोण येऊन गेले हे विचारावे लागत नाही. सायाळ, ज्याला आपण साळिंदरही म्हणतो, हा कुरतडणारा प्राणी आहे. उंदराच्या गोतातला, पण दहा-पंधरा किलो वजनाचा. कंद, मुळे आणि पडलेली फळे हे त्याचे नेहमीचे खाणे. पण रानात हिरवे काही उरले नाही की तो ओल्या सालीकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे उन्हाळ्यात ओली साल मिळते ती पाण्याजवळच्या झाडांवरच.

युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हेच काम बीव्हर करतो. हा प्राणी भारतात नाही. ओढ्यावर काट्याकुट्या आणि चिखल रचून तो बांध घालतो, मागे तळे साठवतो आणि तळ्याकाठची झाडे कुरतडतो. लाकूड त्याला बांधासाठी आणि घरासाठी लागते. खायला मात्र सालीचा आतला रसाळ थर हवा असतो. तळ्याकाठी राहणारे तिकडचे लोक म्हणून अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांना तारेची जाळी बांधतात.

या प्रकारात माणसाला फसवणारी गोष्ट एकच. साल गेली तरी झाड उभे असते आणि पाने हिरवीगार असतात. मालकाला वाटते, वरवरची जखम आहे, भरून येईल. काही महिने जातात, एखादा हंगामही निघतो आणि मग झाड वाळते. लाकूड शाबूत, मुळे जमिनीत, पाणी शेजारी. मग झाड मेले कशाने? या प्रश्नाच्या उत्तराची पहिली वाट दाखवली ती एका डॉक्टरने. अकरावी-बारावीला ज्यांनी झुरळाची आकृती काढली आहे, त्यांना त्यांचे नाव आठवेल. झुरळाच्या पोटातल्या पिवळसर धाग्यांना मालपिघी नलिका म्हणतात. त्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, ते मार्चेल्लो मालपिघी.

मालपिघी यांचा जन्म मार्च १६२८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याजवळच्या क्रेव्हालकोरे या गावी झाला. घर शेतकऱ्याचे, स्वतःच्या जमिनीचे. त्याच १६२८ साली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रक्त हृदयातून रोहिण्यांमार्फत बाहेर पडते, नीलांमार्फत परत येते आणि हे चक्र अखंड चालते, हे हार्वे यांनी त्यात दाखवून दिले. त्या पुस्तकात एक जागा रिकामी राहिली होती. ती भरून काढणारे मूल त्याच वर्षी जन्मले, हा योगायोग.

सतराव्या वर्षी मालपिघी बोलोन्याच्या विद्यापीठात दाखल झाले. ते एकविशीत असताना आई, वडील आणि आजी यांचे निधन झाले. मुलांमध्ये ते थोरले. शिक्षण बाजूला ठेवून त्यांना घरी जावे लागले आणि धाकट्या भावंडांची व शेतीची व्यवस्था लावावी लागली. नंतर परत येऊन १६५३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली.

घराला आणखी एक दुखणे होते आणि ते आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. शेजारच्या स्बारालिया घराण्याशी त्यांच्या कुटुंबाचा शेताच्या हद्दीवरून वाद होता. बांधाचे भांडण वाढत गेले आणि १६५९ मध्ये मालपिघी यांच्या भावाच्या हातून स्बारालिया घराण्यातल्या एकाचा खून झाला. त्याच घराण्यातले जियोव्हान्नी जिरोलामो स्बारालिया पुढे बोलोन्याच्या विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले. बांधावरचे वैर असे वर्गापर्यंत आणि पुस्तकांपर्यंत पोहोचले. त्याची गोष्ट पुढे येईलच.

१६५६ मध्ये मालपिघी पिसाच्या विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे त्यांची गाठ बोरेल्ली या गणितज्ञाशी पडली. शरीराकडे यंत्र म्हणून पाहावे, त्याचे भाग सुटे करून ते चालतात कसे हे शोधावे, असा बोरेल्ली यांचा आग्रह होता. त्या काळात वैद्यक म्हणजे मुख्यतः जुन्या ग्रंथांचे पठण. रोग कळायचा तर ग्रीक आचार्य गॅलन काय सांगून गेले ते आठवायचे. मालपिघी यांनी ग्रंथ मिटवून भिंगाला डोळा लावला. सूक्ष्मदर्शक तेव्हा नवा होता आणि अनेकांच्या लेखी ते श्रीमंतांचे खेळणे होते.

हार्वे यांची रिकामी जागा अशी होती. रोहिण्यांतले रक्त नीलांमध्ये जाते हे त्यांनी सिद्ध केले. पण जाते कोणत्या वाटेने, हे त्यांना दिसले नव्हते. नुसत्या डोळ्यांना रोहिणीची शेवटची फांदी दिसते आणि नीलेची पहिली फांदी दिसते. मधले काही दिसत नाही. रक्त मांसात झिरपते आणि पुन्हा गोळा होते, असे बहुतेकांना वाटे. हार्वे १६५७ मध्ये वारले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, मालपिघी यांनी बोरेल्ली यांना लिहिलेली दोन पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विषय होता फुप्फुसे.

त्यांनी बेडूक निवडला. बेडकाचे फुप्फुस पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवीसारखे असते. ते फुगवून, वाळवून, उजेडासमोर धरून त्यांनी भिंगातून पाहिले. फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा नाही, हवेच्या असंख्य कप्प्यांचे पोळे आहे आणि त्या कप्प्यांच्या भिंतींवर अतिशय बारीक नळ्यांचे जाळे आहे, असे त्यांना आढळले. रोहिणीची टोके आणि नीलेची टोके या जाळ्याने जोडलेली होती. रक्त कुठेही मोकळे सांडत नव्हते. ते सगळीकडे नळीतच होते. आज आपण या नळ्यांना केशवाहिन्या म्हणतो. नाव केसावरून आले असले, तरी प्रत्यक्षात त्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक असतात. तांबडी पेशी त्यातून एकेका रांगेने, अंग चोरून जाते.

शरीराचा सगळा देवाणघेवाणीचा व्यवहार या नळ्यांत चालतो. प्राणवायू आणि साखर पेशींना मिळते ती इथे. मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिला की आधी याच बारीक वाहिन्या बिघडतात. म्हणूनच मधुमेही रुग्णाच्या डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि पायांचे तळवे आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो. मालपिघी यांनी पाहिलेले जाळे तिथे एका बाजूने विरत चाललेले असते.

मोठ्या माणसालाही डोळ्यांसमोरचे सगळे उमगतेच असे नाही. १६६५ च्या सुमारास हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या पोटातल्या रक्तवाहिनीत मालपिघी यांना तांबूस गोल कण दिसले. ते चरबीचे कण असावेत असे त्यांनी मानले. त्या बहुधा तांबड्या पेशी होत्या. दिसणे आणि ओळखणे यांत अंतर असते, हे त्यावरून कळते.

१६६२ मध्ये ते सिसिली बेटावरच्या मेसिना शहरी प्राध्यापक म्हणून गेले आणि तिथे चार वर्षे राहिले. जिभेवरचे चव घेणारे उंचवटे त्यांनी तिथेच अभ्यासले. झाडांकडे त्यांचे लक्ष वळले तेही मेसिनातच. एका सरदाराच्या बागेत फिरताना चेस्टनटच्या झाडाची मोडलेली फांदी त्यांना दिसली. मोडलेल्या टोकातून बारीक तंतू बाहेर आले होते. त्यांनी ते भिंगाखाली धरले तेव्हा स्प्रिंगसारखे वळसे असलेल्या नळ्या दिसल्या. प्राण्यांत नळ्या, झाडांतही नळ्या! मग झाडातही काहीतरी वाहत असले पाहिजे. काय वाहते, कुठून कुठे वाहते, हा प्रश्न त्यांनी तेव्हापासून मनात धरला.

१६६६ मध्ये ते बोलोन्याला परतले. त्याच सुमारास यकृत, प्लीहा, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या रचनेवरचे त्यांचे पुस्तक आले. मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांची बारीक गुंडाळी असलेले गोल कण त्यांना दिसले होते. रक्त गाळले जाते ते तिथेच, हे पुढे सिद्ध झाले.

पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांचे पत्र आले. तुम्ही जे पाहता ते आम्हाला कळवत चला, असा त्याचा आशय होता. मालपिघी यांनी विषय घेतला रेशीम अळीचा. आज जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ भरते आणि तुतीची पाने अळ्यांना घालण्यात आपल्या अनेक शेतकरी कुटुंबांचे दिवस जातात. त्यांना हा भाग विशेष जवळचा वाटेल. मालपिघी यांनी अळीची चिरफाड केली. अळीला फुप्फुसे नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून आत गेलेल्या नळ्या अंगभर पसरून हवा पोहोचवतात, हे त्यांनी दाखवले. छिद्रांवर तेल लावले तर अळी गुदमरून मरते, हेही त्यांनी करून पाहिले. या कामाने त्यांना ताप आला आणि डोळे सुजले, तरी त्यांनी ते पुरे केले. १६६९ मध्ये रॉयल सोसायटीने हा ग्रंथ छापला आणि त्यांना आपले सभासद करून घेतले. कीटकाला आतून रचना असते आणि ती इतकी गुंतागुंतीची असते, हे जगाला पहिल्यांदाच एवढ्या बारकाईने कळले. आपल्या झुरळातल्या नलिकांना त्यांचे नाव मिळाले ते याच कामामुळे.

आता झाडाकडे येऊ. डिसेंबर १६७१ मध्ये रॉयल सोसायटीच्या एकाच बैठकीत दोन गोष्टी पुढे आल्या. नेहेमाया ग्र्यू या इंग्रज डॉक्टरचे वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचे छापील पुस्तक आणि त्याच विषयावरचे मालपिघी यांचे हस्तलिखित. दोघेही डॉक्टर, दोघांचाही विषय एक आणि एकमेकांच्या कामाची आधी कल्पना नाही. पुढे भांडण मात्र झाले नाही. मालपिघी यांचा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लंडनहून दोन भागांत, १६७५ आणि १६७९ मध्ये, निघाला.

या अभ्यासातला त्यांचा एक प्रयोग सायाळीच्या रात्रीच्या कामगिरीसारखाच होता. त्यांनी झाडाच्या सालीचे एक कडे गोलाकार काढून टाकले. लाकडाला धक्का लावला नाही. मग वाट पाहिली. काही काळाने सोललेल्या कड्याच्या वरच्या काठाला साल फुगली. खालच्या काठाला तसे काही झाले नाही.

फुगवटा वरच्या बाजूला का, हाच खरा प्रश्न होता. ओढ्याला बांध घातला तर पाणी साठते ते बांधाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला. खालचे पात्र कोरडे पडते. हार्वे यांनीही माणसाच्या दंडावर पट्टी बांधून हेच पाहिले होते. पट्टीच्या खाली, हाताकडच्या बाजूला नीला टरारून फुगल्या. त्यावरून नीलांमधले रक्त हाताकडून हृदयाकडे वाहते हे त्यांनी ताडले. मालपिघी यांनी झाडाबाबत तसाच विचार केला. सालीत फुगवटा वर येतो, म्हणजे सालीतून काहीतरी वरून खाली येत आहे आणि वाट तुटल्यामुळे ते वर अडले आहे. मुळांनी ओढलेला कच्चा रस लाकडातून पानांकडे चढतो, पाने तो शिजवतात आणि तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते, असे त्यांनी मांडले.

पाने सूर्यप्रकाशात हवेतला कार्बन वायू आणि पाणी यांपासून साखर बनवतात, हे कळायला पुढे शंभरावर वर्षे जावी लागली. ते मालपिघी यांना माहीत असणे शक्य नव्हते. पण दिशा त्यांनी बरोबर सांगितली होती. आज शाळेच्या पुस्तकात लाकडातल्या वाटेला जलवाहिनी आणि सालीतल्या वाटेला रसवाहिनी म्हणतात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूंनी १७२७ च्या पुस्तकात साल काढण्याचे असेच प्रयोग नोंदवले. जिवंत घोडीच्या रोहिणीत नळी घालून रक्तदाब पहिल्यांदा मोजणारेही हेच हेल्स. झाडातला रस आणि प्राण्यातले रक्त यांचा अभ्यास त्या काळी असा हातात हात घालून चालला होता.

आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. डाळिंबाचे गुटी कलम करताना तो फांदीची साल बोटभर रुंद गोल काढतो, त्यावर ओले शेवाळ बांधतो आणि काही आठवड्यांनी मुळे फुटतात ती त्या जखमेच्या वरच्या काठाला. वरून आलेले अन्न तिथे अडलेले असते, म्हणून. द्राक्षबागेत गर्डलिंग करतात तेव्हा चार-पाच मिलिमीटर रुंदीची साल काढतात. पानांत तयार झालेली साखर काही दिवस खाली जात नाही, घडांकडे वळते आणि मणी जाड होतो. तेवढी बारीक जखम थोड्या आठवड्यांत भरून येते आणि वाट पुन्हा सुरू होते. हा हिशेब रुंदीचा आहे. चार मिलिमीटर कडे म्हणजे उपाय; चार बोटे कडे म्हणजे झाडाला फास.

सायाळीने सोललेले झाड हिरवे का दिसत राहते, हेही आता उलगडते. पाणी लाकडातून वर जातच असते, म्हणून पाने टवटवीत राहतात. उपाशी पडतात ती मुळे. त्यांच्याकडे साठवलेले अन्न असते, त्यावर ती काही महिने काढतात. ते संपले की नवी पांढरी मुळे फुटणे थांबते, पाणी ओढणे मंदावते आणि मग एका कडक उन्हाळ्यात सगळे झाड एकदम वाळल्यासारखे दिसते. मोसंबीला डिंक्या रोग बुंध्याभोवती गोल फिरला की झाड जाते, तेही याच कारणाने.

माणसाच्या बाबतीत हा फास फार लवकर लागतो. साप चावल्यावर दंडाला किंवा मांडीला दोरी करकचून बांधून आणलेले रुग्ण सरकारी रुग्णालयांत अजूनही येतात. विष थांबावे असा हेतू असतो. पण घट्ट दोरीमुळे रक्त थांबते. झाडाच्या मुळांकडे महिन्यांची शिदोरी असते, आपल्या स्नायूंकडे काही तासांचीही नसते. अवयव काळा पडतो आणि विषातून वाचलेला माणूस पाय गमावतो. साप चावला तर दोरी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. चावलेला भाग फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवून थेट रुग्णालय गाठावे. दोरी आधीच बांधली असेल, तर ती वाटेत घाईने न सोडता डॉक्टरांसमोर सोडावी. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

मालपिघी यांच्या शेवटच्या वर्षांकडे वळू. १६८४ मध्ये त्यांच्या बोलोन्याच्या घराला आग लागली. सूक्ष्मदर्शक, कागदपत्रे, अनेक वर्षांच्या नोंदी जळाल्या. त्यांचे वय तेव्हा छप्पन्न होते. ते पुन्हा कामाला लागले. १६८९ मध्ये वेगळाच घाव बसला. नाव न घालता एक पुस्तिका निघाली. लिहिणारे होते त्याच बांधाच्या भांडणातल्या घराण्याचे प्राध्यापक स्बारालिया. त्यांचा मुद्दा असा, की बेडकाचे फुप्फुस, अळीचे पोट आणि झाडाची साल भिंगाखाली पाहून कोणाचा ताप उतरला? डॉक्टरने रोग्याजवळ बसावे, औषधाचा अनुभव गोळा करावा. हे बारीक कातरकाम रोग्याच्या काही कामाचे नाही.

यात वैर होते, पण प्रश्न निव्वळ वैराचा नव्हता. मालपिघी स्वतः आयुष्यभर रुग्ण पाहत होते आणि दूरच्या रुग्णांना पत्राने सल्ला देत होते. केशवाहिन्या सापडल्या म्हणून त्यांच्या हातून एकही माणूस जास्त वाचला असे त्यांना दाखवता आले नसते. तशी औषधे तेव्हा नव्हतीच. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. अवयव कसा घडला आहे आणि कसा चालतो हे कळल्याशिवाय तो बिघडला कशाने हे कळणार नाही. नुसत्या अनुभवावर चालणारा डॉक्टर अंधारात चालतो, असा त्याचा गाभा होता. हे उत्तर त्यांच्या मरणानंतर, १६९७ मध्ये लंडनहून छापले गेले. त्याचा पुरावा जमायला मात्र आणखी दोन-अडीचशे वर्षे लागली. आज लघवीत प्रथिने सापडली की आम्ही मूत्रपिंडातल्या त्या गोल गुंडाळ्यांचा विचार करतो. धाप लागलेल्या रुग्णाच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतो तेव्हा फुप्फुसातल्या त्या जाळ्याची हजेरी घेत असतो.

१६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्यांना आपले वैद्य म्हणून रोमला बोलावले. प्रकृती ठीक नव्हती, तरी ते गेले. जुलै १६९४ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते थोडे सावरले. पण नोव्हेंबरअखेर दुसरा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. तरुण डॉक्टर बाल्यीव्ही यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मेंदूत रक्तस्राव झालेला आढळला. आज असा रुग्ण आला की आम्ही सर्वांत आधी रक्तदाब मोजतो. तो मोजण्याची कल्पनाही तेव्हा जन्मली नव्हती. जन्मभर जिवंत वाहिन्यांचा माग काढणाऱ्या माणसाचा शेवट एका वाहिनीच्या फुटण्याने झाला.

त्यांच्या प्रयोगाचा उपयोग आपल्या परसात कसा करायचा, ते सांगून थांबतो. जपायचे आहे ते खोडाभोवतीचे बुंध्याजवळचे हात-दीड हात अंतर. तेवढ्या भागाला तारेची मजबूत जाळी गोल लावावी. ती खोडाला चिकटू नये, चार बोटे तरी अंतर ठेवावे. नाहीतर जाळीच्या भोकांतून दात पोहोचतात आणि झाड जाड झाले की तार सालीत रुतून स्वतःच फास बनते. सायाळ उकरते, म्हणून जाळी वीतभर जमिनीत गाडावी आणि वर तीन फुटांपर्यंत ठेवावी. लहान रोपांची साल ससे आणि शेळ्याही खातात. त्यांच्यापासूनही तेवढेच संरक्षण मिळते. दरवर्षी पावसाळ्याआधी जाळी सैल करावी. खोडाला फलकाची, झोपाळ्याची किंवा कपडे वाळवण्याची तार कायमची गुंडाळू नये. आपण बांधलेली तारही सायाळीचेच काम करते, फक्त सावकाश.

साल गेलीच असेल, तर आधी खोडाभोवती बोट फिरवून पाहावे. वरून खालपर्यंत सलग दोन बोटांचीही पट्टी उरली असेल, तर झाड वाचण्याची आशा चांगली. जखमेचे फाटके काठ धारदार चाकूने साफ करून बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे तिचे प्रमाण मोसंबीवाल्यांना पाठ असते. कडे पूर्ण झाले असेल, तर पाने हिरवी आहेत तोवरच हालचाल करावी. मोसंबीच्या बुंध्याशेजारी जंबेरीची दोन-तीन रोपे लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वरच्या सालीत कलम करून बसवता येतात. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसारखेच हे काम आहे. बुजलेली वाट सोडून शेजारून नवी वाट काढायची. कृषी विज्ञान केंद्रात किंवा चांगल्या रोपवाटिकेत हे करणारा हात मिळतो.

सायाळ मारू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. कुंपणात वीज तर मुळीच सोडू नये. त्या तारेला रात्री पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस चिकटतो आणि त्याच्यावर करण्यासारखे आमच्या हाती बहुतेक वेळा काही उरलेले नसते.

आणखी एक साल कुरतडणारा प्राणी आहे, तो म्हणजे आपण. नदीकाठच्या अर्जुन वृक्षांची साल हृदयाच्या औषधासाठी म्हणून बुंध्याभोवती गोल काढून नेतात. एका माणसाच्या हृदयासाठी आख्ख्या झाडाचा जीव द्यायचे कारण नाही. साल घ्यायचीच असेल, तर एका बाजूने, उभी आणि अरुंद पट्टी घ्यावी. बाकी खोड शाबूत राहील. आणि हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आपल्या गोळ्या बंद करून नुसत्या काढ्यावर राहू नये.

कुंडलिका, दुधना किंवा घरामागच्या शेततळ्याच्या काठी एखादे जुने झाड असेल, तर या आठवड्यात त्याच्या बुंध्याला एक फेरी मारून या. पाने पाहून झाड बरे आहे असे ठरवू नका; साल पाहा.